आधी बादली, मग टाकी!

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारते. समुद्राचं पाणी कोण बदलतं?

हसलात ना? पण विचार करा. घरातल्या माठाचं पाणी आपण रोज बदलतो. फिशटँकचं दर आठवड्याला थोडं बदलतो. समुद्राचं मात्र कुणीच बदलत नाही! तिथे कोट्यवधी जीव खातात, शी करतात, मरतात, कुजतात. तरीही प्रवाळ असतात तिथलं पाणी इतकं नितळ असतं, की तळाचा खडक दिसावा. हे कसं काय?

याचं कारण असं, की समुद्राकडे बिनपगारी नोकरांची फौज आहे. लाटा आणि प्रवाह पाणी हलवत राहतात. खडकांच्या भोकाभोकांत बसलेले जिवाणू घाण खाऊन टाकतात. शेवाळ उरलेलं खत शोषून घेतं. आणि सगळ्यात मोठा नोकर म्हणजे समुद्राचं आकारमान! एवढं अफाट पाणी एका दुपारच्या उन्हात तापत नाही नि एका माशाच्या मरण्यानं नासत नाही.

आता समजा, यातलं फक्त २०० लिटर पाणी आपण काचेच्या टाकीत भरून हॉलमध्ये ठेवलं. काय होईल? पाणी आलं, पण नोकर एकही आला नाही! त्यांची कामं करायला आपल्याला यंत्रं ठेवावी लागतात. कोणतं यंत्र कोणाचं काम करतं, ते केवढं घ्यावं आणि मुख्य म्हणजे आपल्या गावात ते चालेल का, हे आज पाहू.

प्रवाळाला हात लावायचा नाही

‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट २००३ साली आला, आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश घराघरांत पोचला. तसा मासा आपल्या घरी असावा, भोवती रंगीत प्रवाळ असावं, असं तुम्हालाही वाटत असेल. अशा टाकीला ‘रीफ टँक’ म्हणतात.

पण थांबा. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे, बरं का! टाचणीच्या डोक्याएवढे किंवा थोडे मोठे असे हजारो मऊ जीव एकत्र राहतात आणि चुन्याची घरं बांधतात. आपल्याकडे ते कच्छच्या आखातात, लक्षद्वीपला, मन्नारच्या आखातात आणि अंदमानला आहेत. आपल्या सिंधुदुर्गात मालवणलाही आहेत. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांचा समावेश झाला. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला! समुद्रातून प्रवाळ काढणं, विकणं हा गुन्हा आहे. समुद्रघोड्यालाही हाच कायदा लागू आहे. कुणी दुकानदार ‘घ्या हो, कोण बघतंय?’ म्हणाला, तर सरळ दुसरं दुकान गाठायचं.

मग आपली टाकी कशी असेल? सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र खडक आणि टाकीतच जन्मलेले दोन क्लाऊनफिश. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं टाकीत क्लाऊनफिशची पिल्लं वाढवण्याचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडून आणलेल्या माशाची गरजच नाही. समुद्रफुलाशिवायही क्लाऊनफिश टाकीत मजेत राहतो. परदेशात लोक टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे लावून रीफ टँक करतात. त्यांच्या आणि आपल्या टाकीत यंत्रं जवळपास तीच लागतात.

पाणी ओतणारी बाई

आता एक जुनी, खरी गोष्ट. १८४६ साली इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावर ॲना थिन नावाच्या बाईंना थंड पाण्यातलं प्रवाळ सापडलं. त्यांनी ते समुद्राच्या पाण्यासकट लंडनला आणलं. लंडनला समुद्र कुठला? रोज ताजं खारं पाणी आणणार कोण? मग त्यांनी एक युक्ती केली. त्यांच्या घरी कामाला असलेली बाई रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. वरून धार पडली की पाण्यात हवा मिसळे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. प्रवाळ जगलं!

आपण चहा निववायला कपबशी करतो ना? अगदी तसंच. त्या बाईचे दोन हात म्हणजे त्या टाकीचा पंप होता. आज तेच काम विजेवरचा पंप करतो, आणि तो हात दुखले म्हणून थांबत नाही.

पुढे १९६१ साली इंडोनेशियातल्या जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत लिहून जगाला सांगितली. समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले खडक टाकीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. खडकातले जीवच पाणी स्वच्छ ठेवत. थोडक्यात काय, तर फिल्टर म्हणजे नुसता डबा नव्हे. फिल्टर म्हणजे जिवाणूंना राहायला दिलेलं घर!

घाण तीन प्रकारची

बाजारात फिल्टरचे इतके प्रकार दिसतात, की डोकं गरगरतं. पण घाण फक्त तीन प्रकारची असते, एवढं लक्षात ठेवलं की सगळं सोपं होतं.

पहिली, डोळ्यांना दिसणारी घाण. उरलेलं खाणं, शी, कचरा. हिच्यासाठी स्पंज, पांढरा कापूस किंवा कापडी पिशवी असते. म्हणजे आपली चहाची गाळणीच! पण चहाची गाळणी आपण लगेच झटकतो. ही दोन-तीन दिवसांत धुतली नाही, तर अडकलेली घाण तिथेच कुजते आणि पाण्यात पुन्हा विरघळते. न धुतलेली गाळणी ही गाळणी नसण्यापेक्षा वाईट.

दुसरी, न दिसणारी विषारी घाण. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जास्त अल्कधर्मी असतं, त्यामुळे त्यात अमोनिया अधिक घातक ठरतो. इथे जिवाणू मदतीला येतात. काही जिवाणू अमोनियाचा नायट्राईट करतात. तोही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राईटचा नायट्रेट करतात. तो पुष्कळच सौम्य असतो. खडकाच्या खोल भोकांत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत उडून जातो. म्हणून खडक सच्छिद्र हवा.

या जिवाणूंची वस्ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी पाण्यानं भरलेली, पंप चालू आणि मासा एकही नाही! फार कंटाळवाणं वाटतं ना? पण टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडले, तर ते घर बांधायच्या आधीच राहायला गेल्यासारखं होतं.

तिसरी, विरघळलेली चिकट घाण. ही गाळणीतून आरपार जाते. हिच्यासाठी खास खाऱ्या पाण्याचं यंत्र असतं, ‘प्रोटीन स्किमर’. गुऱ्हाळावर गेलाय कधी? काहिलीत उसाचा रस उकळतो, वर फेसाळ मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढून टाकतो. स्किमर तेच करतो, फक्त उष्णतेऐवजी हवेनं. एका उभ्या नळीत लाखो बारीक बुडबुडे सोडतात. चिकट घाण बुडबुड्यांना चिकटून वर चढते आणि वरच्या कपात चहाच्या रंगाचं घाणेरडं पाणी जमतं. कप रिकामा केला की घाण टाकीबाहेर! बाकीचे फिल्टर घाणीचं रूप बदलतात, स्किमर ती कुजण्याआधीच बाहेर काढतो.

हे घरी करून पाहा. दोन ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ विरघळवलेलं. दोन्हींत स्ट्रॉनं जोरात फुंका. साध्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फटाफट फुटतात. खाऱ्या पाण्यातले बारीक राहतात. म्हणूनच स्किमर समुद्राच्या पाण्यात छान चालतो आणि गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत जवळपास निरुपयोगी ठरतो. आणि हो, ते खारं पाणी पिऊ नका!

दुकानात काय मागायचं?

दुकानात मुख्यतः तीन प्रकारची रचना मिळते.

टाकीच्या मागे लटकवायचा फिल्टर स्वस्त आणि सोपा असतो, पण त्यात जागा कमी. लहान टाकीला ठीक.

कॅनिस्टर फिल्टर म्हणजे झाकणबंद डबा. तो टाकीखाली बसतो आणि आवाज करत नाही. पण बंद असल्यामुळे उघडून धुवायचा कंटाळा येतो. शिवाय वीज तासन्‌तास गेली, की आतल्या जिवाणूंचा प्राणवायू संपतो, ते मरू लागतात आणि वीज आल्यावर तेच नासलेलं पाणी टाकीत येतं. अशा वेळी आधी डबा धुवायचा, मगच चालू करायचा.

तिसरी रचना म्हणजे ‘सम्प’. मोठ्या टाकीखाली एक छोटी टाकी. वरचं पाणी ओसंडून खाली येतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. स्किमर, गाळणी, हीटर, शेवाळाचा कप्पा असं सगळं त्या खालच्या टाकीत राहतं. एकूण पाणीही वाढतं, आणि पाणी जास्त म्हणजे बदल सावकाश. जागा असेल तर सम्पच उत्तम. फक्त वीज गेली की वरचं थोडं पाणी खाली उतरतं, तेवढी रिकामी जागा सम्पमध्ये ठेवावी लागते. नाहीतर हॉलमध्ये समुद्र!

आता थोडं गणित. २०० लिटरच्या टाकीत पाणी हलतं ठेवायला तासाला टाकीच्या दहा ते वीस पट पाणी फिरावं, म्हणजे २,००० ते ४,००० लिटर. हे काम टाकीतच बसवलेला लाटा करणारा छोटा पंप करतो. सम्पमधून पाणी वर चढवायला तासाला ६०० ते १,००० लिटर पुरे. पण पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी जराही वर न चढवता मोजलेला असतो. जितकं उंच चढवाल, तितकं कमी येतं. तुम्ही एक बादली तळमजल्यावर उचलून पाहा आणि तीच घेऊन जिना चढून पाहा, म्हणजे कळेल! म्हणून दुकानदाराला विचारा, ‘एक मीटर उंचीवर किती लिटर देतो?’ स्किमरही खोक्यावरच्या आकड्यापेक्षा एक पायरी मोठा घ्यावा.

गरम पाणी, गुदमरलेला मासा

इथपर्यंत बहुतेक जण येतात. फिल्टर घेतात, मासे आणतात. मग एप्रिल उजाडतो आणि खरी परीक्षा सुरू होते.

अशा टाकीचं पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. का बरं? कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात २५ अंशांना सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. फरक थोडा वाटतो ना? पण त्याच वेळी उष्णतेमुळे माशाचा श्वास वाढतो, जिवाणूंची भूक वाढते, घाण लवकर कुजते. म्हणजे घरात पाहुणे वाढले आणि नेमका डाळीचा डबा रिकामा! मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला, तर तो खाणं मागत नसतो. तो गुदमरत असतो.

प्रवाळ तर याहून नाजूक. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला रंग देतं आणि बरंचसं अन्नही पुरवतं. समुद्राचं पाणी नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा फक्त एक अंशानं जास्त आणि तेही चार-सहा आठवडे राहिलं, तरी हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पुन्हा असा प्रकार सुरू असल्याचं जाहीर केलं. समुद्राला कुणी चिलर बसवू शकत नाही. टाकीतला एक अंश म्हणजे काय, हे ज्याला कळलं, त्याला समुद्रातल्या एका अंशाची काळजी आपोआप कळते.

नागपूरचा कूलर, मुंबईचा घाम

पाणी थंड करण्याआधी ते तापतं कशानं ते पाहा. खिडकीतलं ऊन टाकीवर येतं का? दिवा जुन्या पद्धतीचा, भाजणारा आहे का? तो बदलून एलईडी लावा. पाण्यात बुडालेला पंपही पाणी तापवतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा पंप नको. टाकीचं काचेचं झाकण काढून जाळी लावा, म्हणजे वाफ निघून जाईल आणि मासाही उडी मारून बाहेर पडणार नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर दोन मार्ग उरतात, पंखा आणि चिलर.

पंखा म्हणजे माठाचंच तत्त्व. पाण्याची वाफ होताना ती पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतली तर २०० लिटर पाणी सुमारे तीन अंशांनी निवतं. आहे की नाही गंमत? छोटासा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालत ठेवला की झालं. स्वस्त आणि मस्त!

‘बाई, मग माठातच मासा ठेवला तर?’ असं आमच्या चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं. प्रश्न हुशारीचा आहे, हं! माठ थंड राहतो तो भोकांतून पाणी झिरपून बाहेर उडतं म्हणून. पण खारं पाणी झिरपलं की मीठ भोकांतच राहतं. त्याचे स्फटिक वाढतात आणि माठाचे पापुद्रे सुटू लागतात. शिवाय आतला मासा दिसणार कसा?

तर पंखा. पण तो सगळीकडे चालतो का? मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या घरांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर गारेगार वारा देतो. तोच कूलर मुंबईत लावला तर नुसता दमटपणा वाढतो. कारण मुंबईची हवा आधीच पाण्यानं भरलेली असते, तिला आणखी वाफ घ्यायची नसते. दोरीवरचे कपडे मे महिन्यात विदर्भात तासाभरात वाळतात आणि कोकणात जूनमध्ये दोन-दोन दिवस ओले राहतात. तेच इथेही.

हे मोजताही येतं. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. पारा खाली खाली येऊन एका जागी थांबेल. तो आकडा म्हणजे पंख्याची हद्द! पंखा कितीही मोठा आणला तरी पाणी त्याखाली जाणार नाही. तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असलेल्या नागपुरी दुपारी हा आकडा २३-२४ च्या आसपास येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो २८ च्या पुढे. आपल्याला हवेत २६. म्हणजे कमी तापलेल्या मुंबईत पंखा हरतो आणि भाजून काढणाऱ्या नागपुरात तो जिंकू शकतो! पण नागपूरकरांनो, जुलैत पाऊस लागला की तुमचीही हवा दमट होते. तेव्हाही मोजा.

पंख्याचा एक नियम मात्र पाठ करा. उडतं ते पाणी, मीठ उडत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. २०० लिटरमधून रोज ४ लिटर उडालं, तर पाच दिवसांत २० लिटर कमी आणि मीठ लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम! म्हणून पातळी उतरली की रोज गोडं, आर. ओ. केलेलं पाणी घालायचं, खारं कधीच नाही. गच्चीवरच्या टाकीत असतो तसा छोटा फ्लोट बसवला तर हे काम आपोआप होतं.

चिलर घेताना

चिलर म्हणजे टाकीसाठीचा फ्रीज. यात कॉम्प्रेसर असतो. पाणी त्यातून फिरून थंड होऊन परत येतं. हवा दमट असो की कोरडी, तो काम करतो. पण तो महाग असतो, वीज खातो आणि पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो. फ्रीजच्या मागे हात धरून पाहा, गरम लागेल. म्हणून चिलर कपाटात कोंडू नये.

चिलर केवढा घ्यावा? जिवाणूंची वस्ती वसेपर्यंत मासे नसतातच, तेव्हा ही चाचणी करा. दिवे-पंप चालू ठेवा. पाणी गोठवलेल्या बंद बाटल्या सोडून टाकीचं पाणी २६ अंशांवर आणा. दहा-बारा बाटल्या लागतील, शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्येही ठेवा! मग बाटल्या काढा आणि भर दुपारी एका तासात तापमान किती चढतं ते पाहा. आता गणित करा : लिटर गुणिले चढलेले अंश गुणिले १.१. २०० लिटर पाणी तासात अर्धा अंश चढलं, तर २०० × ०.५ × १.१ = ११० वॉट. एवढी उष्णता टाकीत सतत शिरते आहे. चिलरनं याच्या दुप्पट तरी बाहेर काढायला हवी, म्हणजे त्याला मध्ये विश्रांती मिळेल. दुकानात ‘किती हॉर्सपॉवर?’ एवढंच विचारू नका, ‘किती वॉट उष्णता काढतो?’ हे विचारा.

दुसरी खबरदारी. आतली नळी टायटॅनियमची हवी. जुन्या फ्रीजमध्ये तांब्याची नळी फिरवून घरीच चिलर करायची युक्ती काही जण सुचवतात. ती नको. खाऱ्या पाण्यात तांबं गंजतं आणि पाण्यात उतरतं. प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना तांबं म्हणजे विषच.

आई-बाबांसाठी थोडंसं

खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. म्हणून टाकीच्या विद्युतजोडणीला ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच हवाच. प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झुकलेली ठेवा, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. मुलांनी हात पाण्यात घालण्याआधी बटणं मोठ्या माणसानंच बंद करायची.

विजेचा हिशोबही आधी करा. १५० वॉटचा चिलर रोज ८ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. त्यात पंप आणि दिवे वेगळे.

आणि वीज गेली तर? मासे आधी उष्णतेनं नाही, प्राणवायूवाचून मरतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात तयार ठेवा. पाणी तापलंच, तर गोठवलेली बंद बाटली सोडा. एक लिटरची बाटली २०० लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश थंड करते, म्हणून एका बाटलीवर भिस्त नको. बर्फ थेट टाकीत टाकू नका, तो गोड्या पाण्याचा असतो.

बादलीची वही

आता तुमचं काम. टाकी मागण्याआधी एक बादली मागा! ती तर घरात आहेच. टाकी जिथे ठेवायची तिथे पाण्यानं भरलेली बादली महिनाभर ठेवा. लाल द्रवाचा थर्मामीटर घ्या, ताप मोजायचा चालणार नाही. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजता पाण्याचं तापमान वहीत लिहा. दुपारी ओल्या फडक्याचंही लिहा. ही नोंद मे महिन्यात करा आणि जुलैत पुन्हा करा. बादलीत डासांची अळी होऊ नये म्हणून आठवड्याला पाणी बदला आणि ते झाडांना घाला. घरात लहान भावंड रांगत असेल, तर बादली उंचावर ठेवा.

महिन्यानंतर वही उघडा. दिवे आणि पंप लागले की टाकीचं पाणी बादलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त तापेल, असं धरून चाला. बादली कधीच २४ च्या वर गेली नाही? मग थंड करण्याचं काम फारसं नाही. बादली तापते, पण ओलं फडकं २३ च्या आत आहे? पंखा पुरेल. फडकंच २५ च्या वर आहे? मग चिलर, नाहीतर तूर्त टाकी नको. २३ ते २५ च्या मध्ये आलं, तर पंख्यावर विसंबू नका.

‘तूर्त नको’ हेही उत्तरच आहे, मुलांनो. घरात चिलरचा खर्च झेपत नसेल, तर गोड्या पाण्याचे गप्पी आणि मोली आपल्या हवेत आनंदानं राहतात. त्यांना स्किमर लागत नाही नि चिलरही लागत नाही. त्यांच्या टाकीतही तेच जिवाणू अमोनिया खातात आणि तुम्हाला तेच शास्त्र शिकवतात.

टाकी विकत घेणं हे एका संध्याकाळचं काम आहे. पण त्या काचेत अडकलेल्या जिवाला गरम दुपारी दुसरीकडे पोहून जाता येत नाही. त्याची सगळ्यात वाईट दुपार कशी असेल, हे त्याला आणण्याआधी तुम्हाला माहीत हवं.

चला तर, बादली भरा. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला आणि खाली लिहा : ‘सकाळी सात वाजता, पाणी... अंश.’